जुन्याचं पोट

ड्रुसिला त्या दिवशी निघाली ती पीठ, चहा आणि साखर पोचवायला. यात भिण्यासारखं काही नव्हतं. तिचा मामेभाऊ ओबेद कड्याखालच्या वस्तीवर एकटाच मागे राहिला होता. बाकीची सगळी माणसं, त्याची बायको आणि पोरंसुद्धा, फुटबॉलच्या सामन्यांना गावात आली होती. "तो चित्र काढत बसलाय. पीठ संपलं तरी सांगायचा नाही," बायको म्हणाली. "जाऊन ये ना. तेवढीच तुझ्या गाडीलाही हवा लागेल." ड्रुसिलाने जुन्या टोयोटात सामान टाकलं आणि ऊन वर यायच्या आत ती निघाली.

गवत जाळायचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी राख, मधूनच एखादा धुमसणारा ओंडका, आणि आगीतून उडणारे टोळ टिपायला वर घिरट्या घालणाऱ्या घारी. कित्येक महिने ड्रुसिला डार्विन शहरात बहिणीपाशी होती. बहिणीची मूत्रपिंडं गेली होती, दिवसाआड यंत्राला जोडून घ्यावं लागायचं. तिथल्या त्या औषधांच्या वासात बसून ड्रुसिला या जळक्या गवताच्या वासासाठी झुरली होती. आता तो छातीभर घेत ती ओढ्याच्या उतारावर थांबली, खाली उतरली आणि आमच्याकडे करतात तशी मोठ्याने हाळी दिली, "मी आलेय! तुमच्या बहिणीची लेक. ओळख ठेवा!"

हे तिचं आजोळ. आईच्या माहेरच्या मुलखात पाऊल टाकायचं तर तिथल्या जुन्यांना, गेलेल्या पूर्वजांना, आधी सांगावं लागतं. सांगून झालं की ती नेहमी जरा थांबायची. एखादा कावळा ओरडायचा, नाहीतर वाऱ्याची झुळूक यायची, आणि आपल्याला ओळखलं असं तिला वाटायचं. त्या दिवशी कावळा नाही, झुळूक नाही. धूर जागच्या जागी लोंबकळत होता. तिने खांदे उडवले आणि गाडी पाण्यातून पलीकडे काढली.

वस्ती आली तेव्हा तिला पहिल्यांदा काय खटकलं ते चटकन कळेना. पत्र्याची घरं तीच, आंब्याचं झाड तेच, उंच तिवईवरची पाण्याची टाकी तीच. मग लक्षात आलं. एकही कुत्रं भुंकलं नव्हतं. ओबेदच्या वस्तीवर माणसांपेक्षा कुत्री जास्त. गाडी दिसली की ती चाकांखाली येऊन मरतील असं वाटावं इतकी अंगावर धावायची. आज गाडीचं इंजिन बंद केल्यावर जी शांतता पसरली तिच्यात तिला आपल्याच कानातलं रक्त ऐकू आलं.

ओबेद पडवीत बसला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली, हाताला रंग. त्याच्यामागे भिंतीला टेकवून, तोंड भिंतीकडे करून, झाडाच्या सालीचा एक मोठा पत्रा उभा होता.

"आलीस का आक्का?" तो म्हणाला. "मला वाटलं डार्विनचं पाणी तुला मानवलं."

"मानवलं ना. नळाचं होतं, तुझ्या डोक्यासारखं गढूळ नव्हतं. कुत्री कुठेत?"

"असतील कुठेतरी. शिकारीला गेली असतील."

"सगळी? ती लंगडी म्हातारीपण? तिला ताटापर्यंत जायचा कंटाळा."

ओबेद आपल्या बोटांवरचा रंग नखाने खरवडत राहिला. लहानपणी मामाचा भाला मोडला तेव्हाही तो असाच बसला होता. ड्रुसिलाने पिठाची पिशवी खाली ठेवली आणि वास जिकडून येत होता तिकडे, टाकीच्या मागे गेली.

कुत्री तिथे होती. लंगडी म्हातारीसुद्धा. त्यांच्या शेजारी एक लहान कांगारू होता, दोन बदकं होती, आणि ओबेदचा डबाबंद मांसाचा डबाही होता, चेपून चपटा झालेला. ड्रुसिला शिकारी घरातली बाई. मगरीने नेलेलं तिने पाहिलं होतं, डुकराने फाडलेलं पाहिलं होतं, रानकुत्र्यांनी अर्धवट टाकलेलं पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. इथे प्रत्येक जनावर चावलेलं होतं, पुन्हापुन्हा चावलेलं, हाडांसकट मऊ होईपर्यंत चावलेलं, आणि मग बाहेर टाकलेलं. नाहीसं काहीच झालं नव्हतं. जे मारलं त्यातला एक घासही कोणाच्या पोटात गेला नव्हता.

ती परत पडवीत आली. तिला आता समजत चाललं होतं, आणि समजत होतं तसतसा तिच्या डोक्यात राग चढत होता.

"ओबेद, काय काढलंयस?"

"आक्का, अजून वाळायचंय ते…"

तिने त्याला बाजूला सारलं आणि सालीचा पत्रा फिरवला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे प्रत्येक कुळाची जनावरं असतात, आणि ती काढायचा हक्क त्या कुळाचा. पण त्यांची राखण भाचरांची. मामाने चित्र काढायचं आणि कुळाच्या लेकींच्या पोरांनी ते बघायचं, हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. भाच्याने मान डोलावल्याशिवाय मामाचा कुंचला सालीला लागत नाही. मामा म्हातारा असो, नावाजलेला असो, भाच्यापुढे त्याचं चालत नाही. ओबेदच्या कुळाची राखण ड्रुसिलाची होती. मासे, कासवं, कांगारू, हे तो तिला न विचारता काढायचा, कारण त्यांना तिने केव्हाच हो म्हटलेलं होतं. हे मात्र तिने कधी हो म्हटलं नव्हतं. तिच्या आधी कोणीच म्हटलं नव्हतं.

सालीवर जुना होता.

घरात त्याला जुनाच म्हणत. कुत्र्यासारखा, पण कुत्रा नव्हे. सरळ काठीसारखी शेपूट, कंबरेवर पट्टे, आणि कानापर्यंत फाकणारा जबडा. तो या मुलखातून कधी गेला ते कोणाला माहीत नाही. आजोबांच्या आजोबांनीही त्याला जिवंत पाहिलेला नव्हता. वर कड्याच्या कपारीत दगडावर तेवढा तो राहिला होता, इतका जुना की त्याचा तांबडा रंग दगडात मुरून दगडच झाला होता. तिथे बाकीच्या जनावरांची हाडं, काळीज, आतडी सगळं काढलेलं आहे, मासा कापून उघडा ठेवावा तसं. जुना तेवढा पूर्ण भरलेला. नाकापासून शेपटीपर्यंत नुसता लाल. त्याच्या आत काय आहे ते कोणी काढलेलं नाही.

ओबेदचा बाप, म्हणजे ड्रुसिलाचा मामा, दोघांना त्या कपारीत बसवून सांगायचा. तो गेल्यापासून त्याचं नाव आम्ही घेत नाही, म्हणून नुसतं म्हातारा म्हणू. म्हातारा म्हणायचा, "ज्याचं पोट आपल्या सुरीने फाडलं नाही, त्याचं पोट काढायचं नाही. पोट काढलं की त्याला भूक लागते. मग भागवणार कोण, तुमचा बाप?"

आणि ओबेदने जुन्याचं पोट काढलं होतं.

सुंदर काढलं होतं, हे तिला रागातही दिसलं. केसाएवढ्या काडीने ओढलेल्या पांढऱ्या रेघा, एकीला एक न चिकटलेल्या. पाठीचा कणा, फासळ्या, काळीज, आणि मध्ये हे एवढं मोठं, रिकामं, पांढऱ्या रेघांनी विणलेलं पोट.

"कोणाला विचारलंस?"

"तू इथे नव्हतीस, आक्का."

"फोन मेला होता? बायकोशी तासन् तास बोलतोस तेव्हा बरा चालतो!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! म्हणून तर विचारायचं असतं, गाढवा!"

ओबेदही आता उठला. "लोक हसतात आपल्याला. शिकलेले बलंडा, हे गोरे लोक, येतात, कपारीतलं पुसट चित्र बघतात आणि म्हणतात, हा कुत्रा असेल. नाहीतर कांगारू काढता आला नसेल. आपलं जनावर होतं ते! मला दाखवायचं होतं."

"दाखव की. पट्टे दाखव, शेपूट दाखव. पोट कशाला उघडलंस?"

"वॉरन म्हणाला…" ओबेदचा आवाज खाली आला. वॉरन म्हणजे नदीकाठच्या पर्यटकांच्या नव्या हॉटेलाचा व्यवस्थापक. "तो म्हणाला, आतलं सगळं दिसणारी चित्रं पाहुण्यांना आवडतात. दर्शनी भिंतीवर लावणार आहे. खाली माझं नाव."

"पाहुण्यांना आवडतात!" ड्रुसिलाच्या तोंडाला थुंकी आली. "उद्या पाहुण्यांना तुझी आतडी आवडली तर तीही टांगशील. आणि हे पोट कोणाचं आहे? याचं तर तू पाहिलेलं नाहीस."

"कांगारूचं. जरा मोठं केलं. काळीज म्हशीचं."

तिने चित्रावर बोट धरलं. उघड्या जबड्यापासून ते मानेवर आलं, मानेवरून छातीवर, आणि तिथे थांबलं. मान कोरी होती.

"गळा कुठाय?"

ओबेद चित्राऐवजी आपल्या पायांकडे बघायला लागला.

"तोंड आहे, पोट आहे. मधे गळा कुठाय, ओबेद?"

"मला नक्की माहीत नव्हतं कुठून घ्यायचा. कुत्र्यासारखा की कांगारूसारखा… म्हटलं नंतर बघू."

टाकीमागचा तो चावलेला ढीग ड्रुसिलाच्या डोळ्यांपुढे आला. ती मटकन खाली बसली. पोट दिलं आणि गळा दिला नाही. भूक लावली आणि गिळायची वाट ठेवली नाही. हा बिचारा जुना कपारीत किती पिढ्या निवांत पडला होता. त्याला उठवून ही शिक्षा! तिला ओबेदचा राग होता त्याहून जास्त जुन्याची कीव आली, आणि मग पुन्हा ओबेदचाच राग आला.

"कधीपासून चाललंय?"

"पोट पुरं केलं त्या दिवसापासून. आधी सरडे सापडले. मग बदकं. मग…" त्याने टाकीकडे नुसतं पाहिलं. "रोज जरा मोठं काहीतरी असतं, आक्का. काल दाराबाहेर बराच वेळ उभा होता. उद्या वॉरन येतोय. चित्र घेऊन गेला की हाही जाईल त्याच्यामागे."

"म्हणजे दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडणार? शाबास! आणि उद्यापर्यंत काय? इथे तू सोडून मोठं काय उरलंय रे आता?"

ओबेद, एवढा मोठा, दोन पोरांचा बाप, भिंतीपर्यंत मागे सरकला. हे त्याला आधीपासून ठाऊक होतं हे तिला तेव्हा दिसलं. नावाच्या हव्यासापायी तो ते स्वतःपासून लपवत बसला होता.

"जाळून टाकू?" तो पुटपुटला.

"पोट उघडं ठेवून जाळलंस तर तो उघडाच फिरत राहील. ज्या हाताने उघडलं त्या हातानेच बुजवायचं. लाल कालव. सगळं भरून टाक, कपारीत आहे तसं. मी शेजारी बसते."

"एवढं काम, आक्का… महिनाभर खपलोय मी…"

"तुला काम प्यारं आहे की जीव?"

तेवढ्यात धूर फिरला. दुपारचाच वारा होता, रोज फिरतो तसा फिरला, पण आज तो कड्याकडून खाली आला आणि वस्तीवर बसला. ऊन तांबूस झालं, मग मळकट झालं. आंब्याचं झाड दिसेनासं झालं. घारींचा आवाजही बंद पडला. भर दुपारी तिन्हीसांज झाली, आणि त्या अंधारात घराच्या मागे कोणीतरी चावायला लागलं.

चपक… चपक… चपक…

सावकाश, ओलं, दमून गेल्यासारखं. मग घशाशी काही अडकल्याचा आवाज, ओकारी, आणि थोडी शांतता. पुन्हा चपक.

दोघांनी साल उचलून आत घेतली. ड्रुसिलाने दार लावलं. लावून काय उपयोग! कुत्र्यांना येण्याजाण्यासाठी ओबेदने दाराची खालची फळी केव्हाच काढून टाकली होती. त्या चौकोनी भोकातून धूर जमिनीवरून आत सरकत होता. ओबेद लाल माती दगडावर घासायला लागला. घाईत अर्धं पाणी सांडलं.

"डिंक घाल."

"घातला."

"मग लाव. डोकं खाली, हात चालव."

ओबेद दाराकडे पाठ करून मांडी घालून बसला. डाव्या हाताने साल दाबून धरली आणि उजव्याने रंग लावू लागला. शेपटीच्या मुळापासून सुरुवात केली. कण्याचा एकेक मणका लाल झाला. एवढ्या बारीक रेघा बुजताना पाहून त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ड्रुसिलाला त्याही वेळी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

आवाज घराला वळसा घालून येत होता. पत्र्याच्या भिंतीला कंबरेएवढ्या उंचीवर काहीतरी घासत होतं. खर्रर्र… थांबलं. खिडकीखाली आलं. पुन्हा पुढे. जुन्या राखेचा, ओल्या दगडाचा, बंद कपारीचा वास खोलीत भरला.

"आक्का…"

"बोलू नकोस. भर."

"आक्का, तो दाराशी आलाय…"

"मला कळतंय. फासळ्या राहिल्यात."

ओबेद रंगाच्या डब्याकडे वळला. साल दाबून धरणारा डावा हात आधारासाठी क्षणभर मागे टेकला, भोकाजवळ. बस, तेवढंच. त्याने किंकाळी फोडली.

ड्रुसिलाने पाहिलं आणि ते ती अजूनही कोणाला नीट सांगू शकत नाही. भोकात काहीच नव्हतं. नुसता धूर. पण ओबेदचा हात कोपरापर्यंत त्या धुरात ओढला गेला होता, बाही ओली होत होती, आणि मांसात खळगे पडत होते. एक ओळ, दुसरी ओळ. सुटत होते, पुन्हा पडत होते. त्याला कोणीतरी चावत होतं, घाई न करता.

तिने ओबेदच्या कमरेला मिठी मारली आणि पाय दाराला रोवले. आणि मग तिच्या आतून जो राग निघाला तो तिचा एकटीचा नव्हता. भाचीचा राग होता तो, आजोळच्या हक्काचा, आणि तो तिने त्या धुरावर ओतला, कारण आजोळच्या कुळाचं जनावर तिला मामाच.

"मामा! सोड त्याला! लाज नाही वाटत? आपल्याच घरातलं पोर खातोस? चुकलं त्याचं, मूर्ख आहे तो, मलाही ठाऊक आहे! पण मी आलेय ना? मी बसलेय ना इथे? तुझ्या बहिणीची लेक बोलतेय, ऐकू येत नाही का तुला? सोड म्हणते ना!" आणि त्याच दमात ओबेदला, "तू काय बघतोस? भर! उजवा हात मोकळा आहे तुझा! थांबलास तर दुसरा मी तोडीन!"

ओबेदने भरलं. रडत, शिव्या देत, कुंचला टाकून सरळ पंजाने लाल चिखल फासत त्याने काळीज बुजवलं, फासळ्या बुजवल्या, पोटाच्या कडा बुजवल्या. मध्ये तळहाताएवढी पांढरी जाळी उरली. खळगे आता खांद्याकडे चढत होते. त्याने त्या जाळीवर हात आपटला आणि पुसला.

धुरातली पकड सुटली. दोघं मागच्या मागे कोसळले. दारापलीकडून एक श्वास आला, लांबलचक, जांभईसारखा, आणि मग पावलं. ती सावकाश कड्याच्या दिशेने गेली.

धुरात रस्ता दिसेना, म्हणून रात्र तिथेच काढली; रात्रभर काही झालं नाही. ड्रुसिला जागीच होती. ओबेदच्या हाताचं हाड शाबूत होतं, कातडी मात्र चाळणीसारखी झालेली. तिने ती धुऊन चादर फाडून बांधली. पहाटे आंब्यावर पाखरं बोलायला लागली तेव्हा तिने निखारे उकरून राखेत भाकरी घातली आणि खूप साखरेचा चहा केला. खाऊन झालं की त्याला गावातल्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. तिचा राग आता निवला होता. ओबेद भाकरी बुडवून बुडवून खात होता, आणि प्रत्येक घास त्याच्या गळ्यातून खाली उतरताना ती बघत होती.

तेवढ्यात वॉरनची पांढरी गाडी आली. रस्ता वस्तीत शिरतो तिथे, बरोबर वाटेच्या मध्ये त्याने ती उभी केली आणि पायी आला. तो धिप्पाड गडी होता म्हणे. ड्रुसिलाने पाहिला तो माणूस मात्र हाडांचा सापळा होता, पट्टा आवळून आवळून टोक लोंबत होतं. त्याने नवाकोरा शर्ट घातला होता. शर्टावर, छातीभर, जुना होता. पांढऱ्या रेघांचा. पोट उघडं.

ओबेदच्या हातातला कप कलंडला.

"अरेरे, हे काय केलंत?" लाल भरलेली साल बघून वॉरन म्हणाला. पण त्याचं लक्ष चित्रात नव्हतं. "असू दे, असू दे. तू पाठवलेला फोटो आहे ना आमच्याकडे. फारच छान आला. सगळ्या नोकरांचे शर्ट करून घेतले. जेवणाच्या ताटांवरही छापलाय. तुला सांगायचंच होतं."

ड्रुसिलाने ओबेदकडे पाहिलं. ओबेदने मान खाली घातली. "पोट पुरं झालं त्याच संध्याकाळी पाठवला होता," तो पुटपुटला. त्याला मारायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"भाकरी खाणार?" तिने वॉरनला विचारलं. का विचारलं, तिचं तिला माहीत. तिला बघायचं होतं.

"हो, हो, द्या ना!" त्याने तुकडा हिसकावूनच घेतला. चावला. चावत राहिला. मान ताणली, डोळे मिटले, पुन्हा चावला. मग ओशाळून रुमाल काढला आणि सगळा लगदा त्यात थुंकला. "माफ करा. काही दिवस झाले, खाली उतरतच नाही. तिथे सगळ्यांचंच तसं झालंय. पाहुणे ताटं तशीच परत पाठवतात, चावलेली. स्वयंपाकी बदलून पाहिला." तो हसला. "आणि भूक तर अशी लागते की…"

वाक्य त्याने पुरं केलं नाही. तो ओबेदच्या हाताकडे बघत होता. चादरीच्या पट्टीवर रात्रीचं रक्त आलं होतं, आणि वॉरनच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची एक तार हनुवटीवर उतरली. त्याला ती जाणवलीही नाही.

"तो शर्ट काढ," ड्रुसिला म्हणाली. "आत्ता काढ. हा पोट बुजवून देईल."

"नको." वॉरनने दोन्ही मुठींनी गळपट्टी घट्ट धरली. "थंडी आहे ना." मग आर्जवाने म्हणाला, "मी गाडीत थांबतो. बाकीचे येतायत मागून. सगळेच म्हणाले, चित्र जिथे काढलं ती जागा बघायचीय."

रुमाल तिथेच पायरीवर टाकून तो गेला आणि गाडीत बसला. इंजिन सुरू केलं नाही. ओढ्यापलीकडे धूळ उठत होती. एका गाडीची नव्हती ती.

"रंग कालव," ड्रुसिला म्हणाली.

ओबेदने डबा तिच्यासमोर तिरका केला. तळाला बोटभर लाल होता.

ती उठून पडवीच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिला भीती वाटत होती, आणि त्या माणसाचा, त्याच्या ताटांचा, त्याच्या पाहुण्यांचा भयंकर राग आला होता. पायरीवर त्याचा घास तसाच पडला होता, रुमालात, सबंध. आणि तिकडे गाडीच्या काचेआड, त्यांच्याकडे एकटक बघत, वॉरन सावकाश काहीतरी चावत होता.